युवराजांची गादी

विलायतेतल्या आमच्या हॉस्पिटलच्या फार्मसीत माझ्या शेजारी उभा राहून औषधं तपासणारा चाळिशीचा गृहस्थ खरोखरीचा राजपुत्र होता. कॅमेरूनच्या पश्चिमेला डोंगराळ भागात बामिलेके लोक राहतात. त्यांच्यातल्या एका छोट्या राज्याचा राजा त्याचा बाप. मी त्याला युवराज म्हणायचे, तो मला आंटी. त्याचे पूर्वज म्हणे उत्तरेकडच्या टिकार मुलखातून नदी ओलांडून आले. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू; आमचे पूर्वज म्हणे जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले. पुराव्याचा कागद दोघांकडेही नाही, त्यामुळे आमचं छान जमलं.

गेल्या वर्षी त्याचे वडील वारले. मी विचारलं, "तिकीट काढलंस?" तर याने नकारार्थी मान हलवली. मग चहा पिताना एकेक बाहेर आलं. त्यांच्यात थोरला मुलगा आपोआप गादीवर बसत नाही. राजा वारसाचं नाव मोजक्या विश्वासू वडीलधाऱ्यांच्या कानात सांगून जातो, आणि दुखवट्याच्या दिवशी ते त्या मुलाला भर गर्दीतून अचानक पकडतात. पकडला की सुटका नाही. काही आठवडे एकांतात ठेवून त्याला राजा करतात, आणि जन्मभर पूर्वजांच्या कवट्या सांभाळायच्या त्यानेच.

"आंटी, इथे बायकोचा जॉब आहे, मुलीची जीसीएसई, म्हणजे दहावीची परीक्षा आहे. मला धरलं तर?"

मला रागच आला. माझ्या वडिलांच्या मातीला मी पोचले नव्हते, लीव्ह मिळाली नाही म्हणून. ते अजून सलतं. म्हटलं, "एवढ्या भावंडांत तुलाच कशाला धरतील? बाप एकदाच मरतो. जा." नसती उठाठेव करायची खोडच आहे मला. तो गेला आणि आठवडाभर त्याचा फोन लागेना, तेव्हा स्टॅनमोरच्या दुकानात त्याची बायको दिसली की मला तोंड दाखवायची चोरी झाली.

दहाव्या दिवशी स्वारी कामावर हजर. माझा जीव भांड्यात पडला. धरलं होतं धाकट्या भावाला, याने ज्याला सायकल शिकवली त्याला. आता त्याच्यापुढे वाकायचं, हलक्या टाळ्या वाजवून बोलायचं, हात मिळवायचा नाही. वर त्याला बाबा म्हणायचं.

"सुटलास की रे!" मी म्हणाले. "मग तोंड असं का?"

तो हातातल्या डब्यावरचं लेबल बघत बोलायला लागला.

"मी मुद्दाम गेटजवळ उभा होतो, आंटी. पायात ट्रेनर्स, नाड्या दोनदा बांधलेल्या. पळायचंच ठरवलं होतं. ती म्हातारी माणसं गर्दीतून सरळ माझ्या दिशेने यायला लागली." त्याने डबा फळीवर ठेवला. "आणि मी एक पाऊल पुढे टाकलं. ते माझ्या शेजारून निघून गेले, मागे उभ्या धाकट्याकडे."