शारजात आण्णांची सही

आमच्या घरात एक प्रश्न विचारायचा नाही, असं मला लहानपणापासून बजावलेलं आहे: सही आण्णांचीच का? आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. कोल्ड स्टोरेज असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर माझा कॉलेजचा प्रवेश. राबायचं कुणीही, सही आण्णांची. मी कराडला इंजिनिअरिंग करून आले तरी नियम जागेवरच होता. मग तासगावचा आमचा बेदाणा विकायला शारजात कंपनी काढायचं ठरलं आणि नियमालाही पासपोर्ट काढावा लागला. तिथं राहून पळापळ करायला मी, सहीला आण्णा. एवढ्यावरून किती किस्से साठावेत? मैत्रिणींना सांगायला बसले की चहा दोनदा गरम करावा लागतो.

*

परदेशात धंदा करायचा तर तिथला एक अरब भागीदार घ्यावाच लागतो, असं आण्णांना कुणीतरी फार पूर्वी सांगितलं होतं. त्याला कसं सांभाळायचं, कुठं दाबायचं, कुठं सोडायचं, याची तयारी त्यांनी विमानातही चालवली होती. कागदपत्रं करून देणाऱ्या एजंटानं पहिल्याच भेटीत सांगितलं की आता तशी गरज नाही, तुमच्यासारख्या व्यवसायात कंपनी पूर्ण तुमचीच राहते. मी खूश. आण्णांनी मात्र टॅक्सीत एजंटाचे कागद दोनदा उलटून पाहिले.

मग म्हणाले, "भागीदारच न्हाई, तर भांडायचं कुणाशी?"

*

कंपनीचं नाव म्हणून आण्णांनी ग्रामदैवताचं नाव दिलं. नाकारलं. देवाचं नाव तिथं चालत नाही. मग त्यांनी स्वतःची आद्याक्षरं दिली. तीही नाकारली, माणसाचं नाव द्यायचं तर पूर्ण द्या म्हणे. शेवटी आण्णांचं नाव, आजोबांचं नाव, आडनाव आणि पुढं ट्रेडिंग, असा लांबलचक बोर्ड इंग्रजीत आणि अरबीत रंगवून आला. मला वाटलं, आण्णांची छाती फुगेल. ते बोर्डाखाली उभे राहिले आणि जरा अस्वस्थच झाले.

"एवढ्या पूर्ण नावानं मला आजवर फक्त कोर्टात पुकारलंय."

*

लायसन्सच्या कामाला निघताना आण्णांनी साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा बॉक्स पिशवीत घातला. तिथं असलं काही चालत नाही, उलट अंगाशी येईल, हे मी हॉटेलपासून सांगत होते. पण आण्णांनी आयुष्यात एकाही सरकारी टेबलासमोर मोकळा हात नेलेला नाही. काउंटरवरच्या बाईंनी हसून बॉक्स परत केला, कागद तपासले आणि आमचा चहा व्हायच्या आत लायसन्स हातात दिलं. आण्णांनी ते उलटसुलट करून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं.

"घेतलं पण न्हाई आणि केलं पण लगीच. पोरी, ही खोटं असणार."

त्यांनी दोन दिवस मला ते फ्रेम करू दिलं नाही. पेढे आम्हीच संपवले.

*

धाकटे चुलते तात्या सुभेदार म्हणून रिटायर झालेले. गोडाऊन लावून द्यायला ते काही महिने शारजाला आले. आमचा ड्रायव्हर बशीर लाहोरकडचा. हे मी तात्यांना आधी सांगितलंच नव्हतं. विमानतळावर बशीरनंच स्वतःहून सांगितलं. तात्यांनी आपली बॅग त्याच्या हातातून काढून घेतली. दुसऱ्या दिवसापासून तात्या सकाळी सगळ्यांना गोडाऊनसमोर रांगेत उभं करून हजेरी घ्यायला लागले, आणि पहिला "हाजिर!" कडक आवाजात कोण म्हणायचं, तर बशीर. महिन्याभरात दोघं एका डब्यात जेवायला लागले. तात्यांना कुठंही जायचं असलं की दुसरा ड्रायव्हर चालायचा नाही. मी चिडवलं, तर म्हणाले,

"सगळी नोकरी दुर्बिणीतनं बघितलं यांना. जवळनं बरा निघाला गडी."

*

तिथला व्हिसा असा की माणूस सलग सहा महिने देशाबाहेर राहिला की तो बाद होतो. व्हिसा बाद की बँकेत सहीही बाद. त्यामुळं आण्णा ठरावीक काळानं फक्त सही जिवंत ठेवायला यायचे. विमानाची त्यांना भयंकर भीती. उतरायचे, एक रात्र राहायचे, माझ्या हातची आमटी पातळ झाली म्हणायचे आणि परत जायचे. बाकी माल उतरवणं, गिऱ्हाईक, बँक, भाड्याची कटकट, सगळं मी बघायचे. फक्त शेवटी कागद आण्णांपुढं.

आणि यंदा ते आलेच नाहीत. गावात सोसायटीची निवडणूक लागली, पॅनेल आण्णांचं. प्रचार सोडून कसं येणार? मी फोनवर फोन केले. "निकाल लागू दे," एवढंच. निकालात पॅनेल आलं आणि इकडं व्हिसा गेला. बँकेनं सही थांबवली, त्यामुळं कस्टमचे पैसे भरता येईनात. आमचा बेदाण्याचा कंटेनर बंदरात अडकून उन्हात तापायला लागला. लायसन्सवर तातडीनं सहीचा अधिकार असलेला नवा मॅनेजर दाखवणं भाग होतं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. तिकडं कॉटवर आण्णा, तात्या आणि माझे वडील. मी कंटेनरचं सांगितलं, काय काय करायचं ते सांगितलं. माझा व्हिसा चालूच आहे, उद्याच नाव चढेल, हेही सांगितलं. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नाव काढलं त्यांच्या मुलाचं, भैय्याचं. भैय्यानं अजून शारजा बघितलेलं नाही. त्याचा व्हिसा काढायचा, तोवर मी बंदरात हातापाया पडायचं, आणि तो आला की त्याला सगळं शिकवायचं.

"नाव त्याचं राहू दे, काम तू करतीसच की," आण्णा म्हणाले. "घरातल्या घरात फरक काय पडतोय?"

"फरक पडत नसेल तर माझं घाला."

"आगं, तू उद्या लगीन होऊन जाणार. सही परक्या घरात जाईल."

तात्या खाली बघत होते. वडिलांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मग परक्या घरच्या पोरीकडनं काम तरी कशाला करून घेताय, आण्णा? न्हाई. मी भैय्याला शिकवणार न्हाई आणि त्याच्या नावाखाली एक पेटी पण उतरवणार न्हाई. नाव माझं चढवायचं असेल तर उद्या सकाळी सांगा. न्हाईतर मी परवा घरी येते."

तिघांच्या मागं भिंतीवरचा पंखा फिरत होता, म्हणून कळलं की कॉल अडकलेला नाही.