तेहतीस फुटांचे काका

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, पेण ते रोहा किती लांब?" आणि मी तोंड उघडायच्या आत तुमच्याच मोबाइलने उत्तर दिलं. तेव्हा वाटलं, आमच्या शेजारच्या मोजणीकाकांविषयी आता लिहून ठेवावं. त्यांना पाहिलेली माणसं फारशी उरली नाहीत. अंतरावर इतकं प्रेम करणारा माणूस साऱ्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यात दुसरा नव्हता.

जमिनी मोजणं ही त्यांची नोकरी. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी खाडीकाठच्या खाजणावर पसरली, की ते तिच्याकडे असे बघत बसत, जणू दूरवर कुणी गात आहे. चालताना पावलं मोजत. रोह्यासमोर नदीपलीकडे अष्टमी गावात बहिणीकडे जायचे, तेव्हा ती त्या काठावरून हात हलवी. पण रोह्याचा पूल मोजून संपेपर्यंत काका तिला ओळख देत नसत. सप्तपदीतलं सातवं पाऊल आखूड पडलं म्हणून त्यांनी भटजींना थांबवलं होतं, असं काकू सांगायच्या. दशमान पद्धत आली, तेव्हा मीटरला त्यांनी पाहुण्यासारखं वागवलं: आदराने, पण ओटीवरच.

दर शनिवारी ते ओटीच्या फरशीवर कोरलेल्या दोन खुणांशी साखळी ताडून पाहत. एका शनिवारी ती चार बोटं जास्त भरली. त्यांनी हाताखालच्या गड्यांना बोलावलं. गड्यांनी मान खाली घालून सांगितलं, मंगळवारी कामाला लागण्याआधी चिखलात रुतलेला रेडा त्यांनी त्या साखळीनेच ओढून काढला होता. कड्या ताणल्या होत्या.

त्याच मंगळवारी काकांनी वडखळपलीकडच्या एका गावात वाटणीची मोजणी केली होती. विधवा भागीच्या दिराला बारा साखळ्या, उरलेलं भागीला. म्हणजे बारा साखळ्यांत मिळून भागीची दोन हात रुंदीची पट्टी दिराकडे गेली होती.

रविवारभर काका कड्या ठोकत बसले. मी त्या गावात शिक्षिका होते. सोमवारी शाळेसमोरच्या शेतात ते साखळी घेऊन उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "चूक माझी आहे. पुन्हा मोजतो."

दीर तडकला. "साखली तुमची लांबली, नि जमीन माझी आखूड व्हणार? ह्यो कुठला न्याय, काका?"

भागीच मधे पडली. "जाऊ द्या ओ काका. दोन हातांत काय पिकतंय? तुमच्या नोकरीवर नको यायला."

"भागी, नोकरीचं मी बघतो. तू बांधावर उभी राहा गो." मग दिराला म्हणाले, "एक टोक तूच धर. ढिलं वाटलं तर बोल."

त्याने धरलं. बारा वेळा साखळी ताणली गेली. तो एकदाही बोलला नाही. बारावी खुंटी हद्दीच्या दगडाच्या दोन हात अलीकडे पडली.  त्याने पहार मागितली आणि दगड स्वतःच उपटून आत आणला. "बघतेस काय वयनी, माती लोट," एवढंच म्हणाला.

काकांनी स्वतःविरुद्ध अहवाल स्वतःच लिहिला. बढती हुकली. काकू पंधरा दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि काका संध्याकाळी खाडीकडे बघत बसले की त्यांना हाक मारायचा मलाही धीर होत नसे.

काका जाऊन आता खूप वर्षं झाली. भागी गेली, दीरही गेला. दिराने हलवलेला तो दगड अजून तिथेच आहे, आणि दोन्ही घरची नातवंडं त्याच्या दोन बाजूंना भात लावतात.