नाटकातला धाकटा भाऊ

पुढे पुस्तकांतून वाचलं की पात्रांचे प्रकार असतात. नायक, खलनायक, नायकाचा मित्र, विनोदी नोकर, निरोप घेऊन येणारा. प्रत्येकाचं काम ठरलेलं. वाचताना सगळं पटतं. पण ज्याला फक्त स्वतःच्याच ओळी ठाऊक आहेत, त्याने आपला प्रकार कसा ओळखायचा, हे काही कुठे लिहिलेलं सापडलं नाही. मला तरी ते ओळखता आलं नाही, आणि त्यात थोडा दोष लढाईचा होता, बाकीचा माझ्या अकलेचा.

पासष्ट सालचं जबलपूर. मी बावीस वर्षांचा, तोफांच्या सरकारी फॅक्टरीच्या मशीन शॉपमध्ये लागून दोन वर्षं झालेली. पाकिस्तानशी लढाई पेटली आणि आठ तासांच्या पाळीचे बारा तास झाले. मी दिवसभर पितळेचं एकच कडं घासायचो. ते पुढे कशात बसतं, हे विचारायची सोय नव्हती. मशीनांचा आवाज इतका की शेजाऱ्याच्या कानात ओरडूनही उपयोग नसे, म्हणून शॉपमध्ये सगळे ओठांनीच बोलत. आवाज काढायचा नाही, शब्द फक्त ओठांवर नीट उमटवायचा. ‘चहा’, ‘साहेब येतोय’, सगळं लांबूनही कळायचं. बाबांनी त्याच शॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली होती आणि कान तिथेच घालवले होते. घरीही आम्ही त्यांच्याशी ओठांनीच बोलत असू.

आमच्या मराठी मंडळाचं गणपतीत नाटक व्हायचं, आणि त्यात खलनायक बाबाच. घरात मांजरालाही ‘हट’ न म्हणणारा माणूस; पण स्टेजवर खांद्यावरच्या शेल्याचं टोक बोटाभोवती गुंडाळत गोड बोलायला लागला, की बायका कडाकडा बोटं मोडायच्या. सगळ्यांना कळायचं, आता कोणाचा तरी घात होणार. बाबांना त्या शिव्याशापांचा केवढा अभिमान! दुसऱ्या दिवशी बाजारात कोणी भाजीवाली तोंड फिरवून बसली, तर ते घरी येऊन आईला कौतुकाने सांगायचे.

आदल्या वर्षी मात्र समोरच्याचं वाक्य त्यांना ऐकूच आलं नाही. ते एकच ओळ दोनदा बोलले आणि हॉल खदखदून हसला. नाटक बसवणाऱ्या मास्तरांनी घरी येऊन, चहा पिऊन, अगदी अदबीने त्यांना पुढल्या वर्षी आराम करायला सांगितलं. बाबा म्हणाले, “चलो, झालं.” त्यानंतर मंडळात त्यांनी पाऊल टाकलं नाही, आरतीलासुद्धा नाही.

म्हणून मास्तरांनी मला काम देऊ केलं तेव्हा आई म्हणाली, “काम घे, पण बाबांचं घेऊ नको. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या जागेवर उभा राहशील तर माणूस खचून जाईल.” मी आईच्या पायाची शपथ घेतली. मास्तरांनाही स्पष्ट विचारलं, “खलनायकाचं तर नाही ना?”

“आरशात तोंड पाहिलं का आपलं?” मास्तर हसले. “तुला कोण खलनायक म्हणेल भैया?”

हे उत्तर नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी खूश होऊन सायकलवर टांग टाकली.

त्या काळी प्रत्येकाच्या हाती पूर्ण नाटक पडत नसे. वही एकच, ती मास्तरांच्या पिशवीत. नटाला मिळायची ती त्याची नक्कल, म्हणजे त्याच्या स्वतःच्या ओळी आणि प्रत्येक ओळीआधी समोरच्याच्या वाक्यातले शेवटचे दोन-तीन शब्द. ते ऐकले की आपण तोंड उघडायचं. एरवी तालमींत सगळी गोष्ट कळून जायची. पण त्या वर्षी कोणी दिवसपाळीला, कोणी रातपाळीला. सगळी मंडळी एका वेळी एकदाही जमली नाहीत. माझी तालीम मास्तरांनी एकट्यानेच घेतली, समोरच्या सगळ्यांचे शब्द स्वतः म्हणून.

गोष्ट एका गढीची होती. थोरला भाऊ किल्लेदार, मी धाकटा. माझ्या ओळी वाचून कोणाच्याही डोळ्यांत पाणी यावं. “दादा, तुम्ही थकलात. किल्ल्या माझ्याजवळ द्या, गढीची काळजी मी वाहीन.” मग वहिनीला धीर देणं. मग एक प्रवेश मी नसलेला, आणि शेवटच्या प्रवेशात “…आता बोल!” या शब्दांवर माझी ओळ, “दादा, मी जे केलं ते घरासाठी केलं.” नायक नाही तर कोण हा? भावाचा भार उचलतो, वहिनीला जपतो, घरासाठी काहीतरी मोठं करतो. बहुधा मरत असेन, असं मी धरून चाललो होतो.

ती नक्कल मी बाबांसमोर ठेवली आणि ओठांनी म्हणालो, “नायकाचं काम आहे बाबा.” त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

“अच्छा,” ते म्हणाले. “नायक.” मग किल्ल्यांच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे म्हणून दाखव.”

मी म्हटलं.

“काहून घाई करून राहिला? किल्ल्या मागून राहिला तू, स्टेशनवर तिकीट नाही. प्रेमानं म्हण. जितकं प्रेम दिसेल तितकं चांगलं.”

गणपतीपर्यंत रोज संध्याकाळी ते मला शिकवत राहिले. कुठे थांबायचं, कुठे मान खाली घालायची. वर्षभर गप्प असलेला माणूस बोलायला लागला म्हणून आई हरखली. माझी ओळ चुकली तर ते ओठांनी बरोबर करून द्यायचे. माझी नक्कल त्यांना माझ्याआधी पाठ झाली. आणि एके दिवशी स्वतःहून म्हणाले, “मी येईन पाहायला.”

ब्लॅकआउटमुळे नाटक दुपारी ठेवलं होतं. हॉलच्या खिडक्यांना काळा कागद आधीच चिकटवलेला, त्यामुळे आत काळोख, आणि उकाडा असा की मिशा गळून पडायला लागल्या. बाबा पहिल्या रांगेत बसले होते, खांद्यावर गमछा. पहिले दोन प्रवेश छान गेले. एवढंच की मी प्रेमानं बोलायला लागलो की बायकांत कुजबुज व्हायची. मला वाटलं, कौतुक करताहेत.

मग मी नसलेला प्रवेश आला. मी विंगेत शेला सारखा करत उभा होतो. निरोप्याचं काम करणारा धावत स्टेजवर गेला आणि ओरडला, “घात झाला सरकार! धाकल्या सरकारांनी दरवाजा उघडला! शत्रू आत आला!”

धाकले सरकार म्हणजे कोण, हे कळायला मला एक क्षण लागला. वहिनीचं काम करणारीने मला ढकललं, “जा ना, तुझीच एंट्री आहे.”

मी आत गेलो आणि हॉल उसळला. “गद्दार!” मागून कोणी चप्पलही दाखवली. लढाईचे दिवस, फॅक्टरीतली माणसं; त्यांना नाटक आणि बाकीचं वेगळं काढायची फुरसत नव्हती. पण मला त्यांचं काही नव्हतं. मी फक्त बाबांकडे बघत होतो. आईची शपथ मोडून मी त्यांच्या जागेवर उभा होतो, त्यांच्या डोळ्यांदेखत. आणि हा माणूस महिनाभर मला प्रेमानं बोलायला शिकवत होता! त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. मग बोलले काहून नाहीत? मला काम मिळावं म्हणून? की ते स्वतःच करत होते, माझ्या तोंडून? आज त्यांच्या त्या वेळच्या वयाला येऊन पोचलो, तरी याचा उलगडा मला झालेला नाही.

“…आता बोल!” थोरला भाऊ ओरडला.

माझं डोकं रिकामं. पडद्यामागचा प्रॉम्प्टर काहीतरी सांगत होता, पण त्या गलक्यात ते मशीन शॉपमध्ये कुजबुजल्यासारखं होतं. तेवढ्यात पहिल्या रांगेत बाबांचे ओठ हलले. आवाज नाही, पण शब्दन् शब्द स्वच्छ. दादा. मी जे केलं. ते घरासाठी केलं. आणि बोलता बोलता त्यांचा हात खांद्यावर गेला, गमछ्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं गेलं.

मी त्यांच्यामागून शब्द म्हणत गेलो. माझाही हात शेल्याकडे गेला. गुंडाळत गुंडाळत, अगदी प्रेमानं.

गलका थांबला. मग मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, “अरे, हा तर त्याच्या बापाचाच!” आणि टाळ्या सुरू झाल्या. बाबांना त्या ऐकू येणं शक्य नव्हतं. पण माझी नजर वर गेलेली पाहून ते मागे वळले, आणि त्यांना सगळ्या हॉलचे हात हलताना दिसले.

ते उठून उभे राहिले. गमछा खांद्यावर सारखा केला, आणि लोकांना हात जोडून नमस्कार केला. सावकाश, आधी उजवीकडे, मग डावीकडे, पडदा पडताना करायचे तसाच.

थोरला भाऊ दात आवळून पुटपुटत होता, “अरे, पुढचं बोल ना!” माझ्या पुढच्या ओळीचे शेवटचे शब्द कानावर पडल्याशिवाय त्याला बोलता येत नव्हतं. ती ओळ मला आता आठवत होती. बाबा खाली बसेपर्यंत मी ती म्हटली नाही.