शूटिंगवाल्या अप्पांचा अडॅप्टर

मुंबईला निघालेल्या माणसाच्या खिशात अप्पा कागदाचा एक तुकडा कोंबत. त्यावर पेन्सिलीने हार्डडिस्कचा आकार काढलेला असे आणि एका कडेला बारीक खाच दाखवलेली. "मुंबयला जातोस ना? येताना एवढा नग बघ." माणूस नात्यातला की नुसता ओळखीचा, हे ते पाहत नसत.

आमच्या मिरकरवाड्यात त्यांना शूटिंगवाले अप्पा म्हणत. घर मच्छीमारांचं, भाऊ होडीवर. अप्पा मात्र लग्नांचं आणि गणपतीचं व्हिडिओ शूटिंग करत. त्यांच्या शेवटच्या कॅमेऱ्यात कॅसेट नव्हती, पत्त्याच्या पानापेक्षा लहान अशी हार्डडिस्क होती. कॅमेरा निकामी झाला, डिस्क उरली. तिला संगणकाची नेहमीची वायर बसत नाही, मध्ये अडॅप्टर लागतो. तसल्या डिस्क बाजारातून गेल्या, त्यांच्यामागे अडॅप्टरही गेले.

चुकीच्या अडॅप्टरांनी त्यांचा एक डबा भरला होता. आणणाऱ्याला ते नाराज करत नसत. चहा देत, नग खिडकीपाशी नेऊन उलटसुलट बघत आणि म्हणत, "दात हायत, पण जबडा दुसऱ्याचा."

त्या डिस्कवर काकी होत्या, अप्पांची बायको. अप्पांनी जन्मभर दुसऱ्यांच्या बायकांना पदर सारखा करायला सांगितलं. स्वतःच्या बायकोचं शूटिंग एकदाच केलं, घरच्या गणपतीपुढे आरती म्हणताना. त्याच गणपतीच्या विसर्जनाला मांडवीच्या किनाऱ्यावर लाट अंगावर आली आणि कॅमेरा भिजला. खारं पाणी लागलेलं इंजिन आधी गोड्या पाण्याने धुवायचं, ही दर्यावरची रीत. अप्पांनी घरी येऊन कॅमेरा उघडला, डिस्क बाहेर काढली आणि कळशीतल्या पाण्याने स्वच्छ धुतली. दिवाळीनंतर काकी वारल्या.

त्यांची लेक मंगल सावर्ड्याला दिलेली. अप्पांचा दमा वाढल्यावर ती त्यांना न्यायला सारखी येऊ लागली. अप्पांचं उत्तर ठरलेलं होतं. तुझ्या आईचा आवाज निघू दे, मग येतो.

गेल्या उन्हाळ्यात मंगलने योग्य अडॅप्टर मिळवला. खेडच्या एका दुरुस्तीवाल्याकडे त्याच बनावटीची जुनी डिस्क होती. त्याने तिच्यासमोर ती याच अडॅप्टरने जोडून तिच्यातलं शूटिंग चालवून दाखवलं. मी शेजारी, म्हणून हे तिने मला अप्पांच्या दारात, आत जाण्याआधी सांगितलं.

अप्पांनी स्वतः डिस्क जोडली. अडॅप्टरचा दिवा लागला. डिस्क फिरली नाही. त्यांनी तिला कान लावला, वायर काढली, पुन्हा जोडली, पुन्हा कान लावला. मग सदऱ्याच्या टोकाने डिस्क पुसली.

"आत पाणी नाय गेलेलं," ते म्हणाले. पाण्याचा विषय कोणी काढला नव्हता.

मंगलने वायर काढून ठेवली.

"अडॅप्टर तो नाय हा," अप्पा म्हणाले.

"नाय अप्पा," ती म्हणाली. "तो नाय. दुसरा मागवते."

तिने त्यांच्यासमोरच मोबाईल काढला. अप्पा तिच्या खांद्यामागे उभे राहून पडद्याकडे बघत होते.

"पत्ता इथला घाल," ते म्हणाले. "सावर्ड्याचा नको."

तिने इथला घातला.