रंग गेलेलं पाणी

स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावर तात्यांचा विश्वास नव्हता. काचेच्या पात्रात नितळ पाणी धरून कोणी दाखवायला आलं, की ते पाण्याकडे न बघता आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. "रंग गेला. बरं झालं. इख गेलं का?" एवढंच विचारत. इख म्हणजे विष.

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत, रंगांसाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते सांडपाण्याच्या प्लँटवर ऑपरेटर होते. वर्तमानपत्रात येण्याआधी मी तिथल्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. तात्या निरवांगीचे. घरी थोडी भाजीपाल्याची जमीन, शिक्षण दहावी. माझी पदवी त्यांना ठाऊक होती आणि ते मला 'साहेब' म्हणत, पण त्या शब्दात आदर किती आणि थट्टा किती, हे मला चार वर्षांत ठरवता आलं नाही.

उत्पादन विभागातून पाणी यायचं ते काकवीच्या रंगाचं, फिनेलसारख्या उग्र वासाचं. तात्या त्यात आम्ल सोडत, मग हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, टाकत आणि त्यानंतर हायड्रोजन पेरॉक्साइड, अगदी बारीक धारेनं. टाकी तापे, फेस चढे, काळपट पाणी हळूहळू फिकट होत नितळ होई. शेवटी चुना घातला की तांबडा गाळ तळाशी बसे. नव्या माणसाला ते समजावत, "पेरॉक्साइड म्हंजी लाकूड, हिराकस म्हंजी काडी. हितं इख जाळायचं असतंय. अर्धंच जाळलं तर धूर जास्त, ध्यानात ठेवा." हे बरोबर होतं. अर्धवट तुटलेली रसायनं कधी कधी मूळ रसायनापेक्षा घातक असतात, आणि रंग बहुतेक वेळा त्यांच्या आधी जातो.

म्हणून त्यांची स्वतःची एक पद्धत होती. दोन ताटल्यांत ओल्या फडक्यावर मेथीचे दाणे ठेवायचे. एकीत घरून आणलेलं पाणी, दुसरीत टाकीतलं. दोन्हीकडे सारखे मोड आले तरच व्हॉल्व्ह उघडायचा. त्याला दोन दिवस लागत. प्रयोगशाळेचा रिपोर्ट आदल्या दिवशीच हातात पडलेला असे.

"तात्या, भाजी कधी खायला घालताय?" उत्पादनाचे सुपरवायझर विचारत.

"तुमच्या पोरीच्या लग्नात. तवर थांबा."

सुपरवायझर हसत आणि थांबत. व्हॉल्व्हमधून सुटलेलं पाणी कारखान्याच्या मागच्या झाडांना जाई. तिथून उतार ओढ्याकडे होता आणि ओढ्याच्या काठी पारूबाईंची विहीर होती. त्या घराचं पिणं, जनावरं आणि वांग्या-टोमॅटोचा मळा, सगळं त्या एका विहिरीवर. तात्या रोज जाता-येता ती विहीर बघत.

त्या उन्हाळ्यात पेरॉक्साइडचे ड्रम शेडच्या दुरुस्तीमुळे काही दिवस बाहेर उन्हात राहिले. उन्हानं पेरॉक्साइडचा जोर जातो. वापरण्याआधी प्रत्येक ड्रम तपासणं हे माझं काम होतं. मी लेबल वाचलं आणि सही केली.

तात्यांनी नेहमीच्या मापानं पेरॉक्साइड टाकलं. रंग गेला. ताटल्या मांडून एक दिवस झाला होता, तेवढ्यात साठवणीची टाकी काठापर्यंत भरली. सुपरवायझर आले, "आता न्हाई सोडलं तर उत्पादन बंद करावं लागंल. कंत्राटी बायका उद्यापासून घरी." त्यातल्या निम्म्या बायका निरवांगीच्या होत्या. तात्या बराच वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी व्हॉल्व्ह उघडला.

दुसऱ्या दिवशी घरच्या पाण्यातल्या मेथीला मोड आले. टाकीतल्या पाण्यातले दाणे फुगून काळे पडले होते. तात्यांनी ताटली माझ्या टेबलावर ठेवली, आधी व्हॉल्व्ह बंद करून आले आणि मग सायकल घेऊन थेट विहिरीवर गेले. मी मागून मोटारसायकलवर गेलो.

"पारू, मोटर बंद कर."

"का वं तात्या? आत्ताच तर लाइट आलीया."

"माज्या हातनं चूक झालीया. हे पाणी पिऊ नगा. जनावरांलाबी दावू नगा."

पारूबाई मोटर बंद करून आल्या आणि म्हणाल्या, "सकाळधरनं तेच पितोय की आमी."

घरातलं कोणी आजारी पडलं नाही. विहिरीच्या नमुन्यात मात्र फिनॉल हे विषारी रसायन सापडलं. मॅनेजरांनी तो रिपोर्ट आपल्याकडे ठेवून घेतला. कारखान्याला लेखी जबाब हवा होता. तात्यांनी तो स्वतःच्या हातानं लिहून दिला: ताटली न बघता मी पाणी सोडलं. ड्रमचा त्यात उल्लेख नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "व्हॉल्व्ह माज्या हातात हुता, साहेब. तुमच्या न्हाय." माझी सही कोणी शोधली नाही आणि मीही ती दाखवली नाही. आठवड्याभरात त्यांना कामावरून कमी केलं.

विहीर उपसायची ठरली तेव्हा पारूबाईंचे मालक पाणी ओढ्यात सोडायला निघाले होते. तात्या आडवे आले. "खाली आणिक विहिरी हायत. हे जाळूनच टाकायचं." त्यांनी ट्रॅक्टरचा टँकर आणला आणि विहिरीतलं पाणी कारखान्याच्या गेटवर नेलं. वॉचमननं आत सोडलं नाही. टँकर उन्हात उभा राहिला आणि तात्या त्याच्या सावलीत बसून राहिले. दुपारनंतर सुपरवायझरनीच येऊन गेट उघडायला लावलं. असे बारा दिवस टँकर येत होता. आत नवा ऑपरेटर ते पाणी टाकीत घेई आणि तात्या गेटबाहेरून मोठ्यानं सांगत, "सावकाश सोड. फेस बघ. घाई करू नगंस."

नंतर मी नोकरी सोडली आणि बारामतीत बातमीदारी करू लागलो. दर सहा महिन्यांनी विहिरीचा नमुना ओळखीच्या प्रयोगशाळेतून तपासून आणतो. गेले तिन्ही रिपोर्ट निर्दोष आले. तिसरा घेऊन गेलो तेव्हा तात्या बरोबर होते. अंगणात पिण्याच्या पाण्याचा विकतचा जार होता. पारूबाईंनी त्यातला तांब्या भरून त्यांच्यापुढं धरला.

"विहिरीचं दे," तात्या म्हणाले. "रिपोर्ट चांगला आलाय."

"व्हय, साहेबांनी दावला."

"मग दे की."

पारूबाई तांब्या तसाच धरून उभ्या राहिल्या. "न्हाय तात्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हेच घ्या."