आमचं रशियन भूत

नाटक बसवायला घ्या, नाटक राहतं बाजूला आणि किस्सेच जमतात. आमचा प्रयोग एकच झाला, सव्वा तासाचा. किस्से मात्र अजून संपेनात!

सोलापुरात गाणं शिकवणाऱ्या आमच्या सुनंदा मॅडम. त्यांचा मुलगा रशियात डॉक्टरकी शिकतो. त्यानं तिकडच्या एका छोट्या ऑपेराचा व्हिडिओ पाठवला. विनोदी भूतकथा. जुन्या घरातल्या भुताला नवे भाडेकरू घाबरतच नाहीत, शेवटी एका पोरीला त्याची दया येते. गाणारे चौघं, वाजवणारे तिघं, आणि सगळं बोलणं गाण्यात. मॅडम म्हणाल्या, "हे मराठीत करायचं!" मी पेटीवर.

भूत झाले निंगप्पाअण्णा. दुधनीचे. आडतीत जन्मभर लिलाव पुकारलेला गळा!

*

अण्णा भाडेकरूंना घाबरवायला यायचे आणि सूर थेट लिलावाचा लागायचा. मॅडम वैतागल्या. "अण्णा, घाबरवताय की तुरीचा भाव पुकारताय?"

"भाव ऐकूनबी मानसं घाबरतेत की, मॅडम!"

*

मॅडमचा नियम होता, तालमीत जे बोलायचं ते गाऊनच. एप्रिलचं ऊन, अण्णा घामाघूम. "जरा पंखा लावा की."

"सुरात सांगा!"

अण्णांनी तीनदा सांगितलं, तीनदा मॅडमनी नकारार्थी मान हलवली. चौथ्यांदा असा काही सूर लागला की आम्ही ऐकतच बसलो. पंखा लावायचं कुणाला सुचलंच नाही!

*

पोरीचं काम पद्मा करायची. तिचे वडील यंत्रमागावर. त्यांनी भुतासाठी मोठ्या हौसेनं चादर पाठवली. निळी, मोरांची! मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, भूत पांढरं असतं!"

"पांढरं रोज धुवायचं कोण, मॅडम?" पद्मा म्हणाली. "भुताला बायको नसते."

*

आम्ही असे हसत होतो, पण एक गोष्ट मला एकट्यालाच माहीत होती. अण्णांच्या गळ्यात गाठ निघाली होती. प्रयोगानंतर चार दिवसांनी ऑपरेशन. आवाज राहील की जाईल, डॉक्टरही सांगत नव्हते.

मी म्हटलं, "अण्णा, मग प्रयोगाचा ताण कशाला घेता?"

"चाळीस वर्सं मठात भजन म्हनलं रं. तवा गौरा आत भाकऱ्या थापत असायची. एकदा समोर बसून ऐकू दे की तिला."

मला लई वाईट वाटलं. पेटी पुसत बसलो.

*

प्रयोगाला अण्णांची बायको, गौराकाकू, पहिल्या रांगेत, पदर डोक्यावर. शेवटच्या गाण्यात भूत पोरीला विनवतं, आता मला निजू दे. अण्णांनी ते असं म्हटलं की मी पेटीचा आवाज अगदी बारीक केला. गाणं संपलं. अण्णा आडवे झाले. भूत कायमचं गेलं. मॅडमनी पडद्याची खूण केली.

तेवढ्यात काकू उभ्या राहिल्या. चारचौघांत कधी तोंड न उघडलेली बाई!

"इन्नोम्मे हाडरी!" आधी कानडीत, मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत, "अजून एकदा म्हना की!"

विंगेतून मॅडम दोन्ही हातांनी नको नको करत होत्या.

मेलेलं भूत उठून बसलं. माझ्याकडे वळून अण्णा म्हणाले, "सूर धर."