ताईच्या गच्चीवरची ताटली

१४ मार्चला थोरल्या ताईने सत्तावीस हजार चारशे नव्वद रुपये मोजून उपग्रहावरून इंटरनेट घेणारी पांढरी ताटली मागवली आणि ती गच्चीवर बसवायला बोलावले वायरवाल्याला. वायरवाला म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. गल्लीतल्या साठ घरांना इंटरनेट त्याच्याच वायरीतून यायचे. रस्ता खणला की वायर तुटायची आणि ताईचा ऑनलाइन शिवणवर्ग ऐन बाहीत अडकायचा.

“माझ्याच पोटावर पाय द्यायला मलाच बोलावतेस?”

“शिडी तुझ्याकडेच आहे ना,” ताई म्हणाली.

ताटली चालली तर निम्मी गल्ली वायर सोडणार, हे त्याला पक्के ठाऊक होते. पण कच्चे काम त्याच्या हातून होत नसे. सव्वीस वर्षांच्या सवयीने त्याने ताटलीला तारेचे चार वेढे दिले. वादळ आले तरी हलायची बिशाद नव्हती.

संध्याकाळी वर्ग सुरू झाला तो बंद पडायलाच. वर ताटली कण्हत होती.

“जळतोस ना?” ताईने विचारले. “शेजारीण म्हणते, भावानेच गळा आवळला.”

हे त्याला झोंबले. एकदा लबाड ठरला की उरलेली निम्मी गल्लीही गेलीच. त्याने चष्मा पुसून माहितीपत्रक पहिल्यांदाच वाचले. ताटली उपग्रह शोधायला स्वतःच मान वळवते, तिला बांधू नये. तो वर गेला आणि तार कापली. झोपमोड झालेल्या म्हातारीसारखी ताटलीने मान वळवली, आणि खाली चाळीस विद्यार्थिनी लख्ख दिसू लागल्या. तो वेग पाहून वायरवाल्याने मनातल्या मनात साठातून तीस वजा केले.

आठवड्याने मुसळधार पाऊस कोसळला आणि बाही पुन्हा अर्धी राहिली. ताईने कंपनीला फोन लावला. एक गोड आवाज म्हणाला, आभाळ निवळू द्या.

“अरे, हिच्याशी धड भांडताही येत नाही,” ती भावाला म्हणाली. “तू निदान बोलणी खायला चपला घालून यायचास.”

“तुझी वायर अजून काढलेली नाही. जोडू?”

“जोड.”

गल्लीने दोन्ही तमाशे पाहिले होते. पुढे सात घरांनी ताटली घेतली. सातही त्यानेच बसवल्या, न बांधता, आणि अडीनडीला म्हणून वायर सगळ्यांनी ठेवली. ताईनेही ठेवली. तिच्याकडून वायरीचे दोन महिन्यांचे सहाशे रुपये अजून येणे आहेत.